गाळणीने उचललेली शेवटची जोडी

मित्रांनो, मी एक जुनी चहाची गाळणी आहे. एकदा मी अख्खी मगर गाळली होती. हसू नका. बरं, मगरीचं पिल्लू म्हणा. बरं बाबा, ओंडका होता. पण डोळे वटारलेला ओंडका! आता पुढचं मात्र जसं घडलं तसंच सांगते.

माझा जन्म पुण्यातल्या बोहरी आळीतला. २०१२ साली मधुवंतीच्या बॅगेत, मसाल्याच्या डब्यांत दाटीवाटीने बसून मी सिंगापूरला आले. तिथल्या क्लेमेंटी भागात संजीवनीकाकूंच्या फ्लॅटमधली एक खोली तिने भाड्याने घेतली होती. ती विद्यापीठात ओढ्यांतल्या माशांवर संशोधन करायची आणि मी दोघींचा चहा गाळायची.

एकदा ती सीमेपलीकडे, मलेशियातल्या दलदलीच्या रानात गेली आणि तिची जाळी काट्यांत फाटली. तिने थर्मासशेजारून मला उपसलं आणि ओढ्यात बुडवलं. पाणी कोऱ्या चहासारखं! मला वाटलं, एवढा चहा टाकला कुणी? पण तो रंग पीटचा होता. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात मुरलेला, पुरता न कुजलेला पालापाचोळा. त्या आंबट पाण्यात करंगळीच्या नखाएवढे लालचुटुक मासे राहत. पहिल्याच बुडीत माझ्यात अकरा आले.

"गाळणीबाई, तुम्ही तर जाळीच्या वरताण निघालात!" मधुवंती म्हणाली. त्या दिवसापासून माझा चहा सुटला.

मग त्या रानात चर खणले गेले. तेलासाठी पामची झाडं लावायला जमीन कोरडी हवी होती. वरचं पीट कापून, वाळवून कुंड्यांसाठी पिशव्यांत भरलं गेलं. भिजलेल्या स्पंजासारखं ते रान ओढ्याला बारा महिने पाणी पाजायचं. ते सगळं चरांतून वाहून गेलं. पुढे माझ्यात अकराचे सहा आले, सहाचे तीन. मग नुसता गाळ. २०१५ साली समुद्रापलीकडचं सुकलेलं पीट पेटलं, त्याचा धूर क्लेमेंटीपर्यंत आला आणि काकूंनी खिडक्या लावून घेतल्या.

त्याच दिवसांत शेवटच्या डबक्यात मला दोन मासे सापडले. एक नर, एक मादी. मधुवंतीने रीतसर परवानगी काढून त्यांना त्यांच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घरी आणलं.

"ही जोडी वाढली तर वाढली, काकू. नाहीतर संपलं."

"अगं, पण पाणी किती घाण!"

"बदलायचंच आहे. शनिवारी ओढ्यावरून आणते."

शनिवारी पहाटेच ती कॅन घेऊन गेली. काकूंना वाटलं, पोरगी किती धावपळ करते, आपण तेवढीच मदत करावी. त्यांनी बरणी घासली, लख्ख केली. आणि माशांना उचलायला हाताशी कोण होतं? मी! माझ्या तारांवर ते दोन जीव तडफडले. मला सगळं कळत होतं. पण इतक्या थापा मारणारी मी, त्या घटकेला मला एक शब्द फुटला नाही.

संध्याकाळी मधुवंती आली.

"बघ, कसं आरसपानी केलंय!" काकू म्हणाल्या.

मासे आडवे तरंगत होते.

"काकू... काय घातलंत?"

"उकळून गार केलेलं. आपण पितो ते गं."

"त्यांना नाही हो चालत ते."

काकूंचा चेहरा उतरला. "मग त्यांचं घाल ना पटकन. कॅन नेला होतास ना?"

मधुवंतीने कॅन उलटा धरला. एक थेंब पडला नाही.

"ओढाच उरला नाही, काकू."

चहाची वेळ टळून गेली, तरी कुणी आधण ठेवलं नाही.

आता मी खिळ्याला टांगलेली असते. काकू मला रोज पुसतात, वापरत मात्र नाहीत. मित्रांनो, काळं पाणी दिसलं की ओतून देण्याआधी, जमीन ओली दिसली की चर खणण्याआधी विचारा, इथे कोण राहतं? माझ्या ओढ्याला तुमचा काही उपयोग नाही. पण कुठे एखादा उरला असेल, तर त्याला होईल.

ती मगर खोटी होती, हे मी सांगितलंच. हे दोन मासेही खोटे असते, तर किती बरं झालं असतं.