मास्तरणीची बाजू

चिकटपट्टीचं टोक सापडत नाही. नवरा रीळ उजेडात धरून नखाने खरवडत बसला आहे.

*

फोनवरची बाई म्हणाली, निळा नको. मग म्हणाली, अगदीच निळा नको असं नाही, पण निळा वाटता कामा नये.

*

शिंक यायला लागली की सुईचा हात लांब धरायचा आणि तोंड दुसरीकडे वळवायचं. हे शिकवावं लागत नाही, कापूस शिकवतो.

*

समोरच्या बेकरीने काचेवर कागदी चांदण्या लावल्या आहेत. त्यातली एक उलटी लागली आहे. रोज दिसते. कोणी सांगायला जात नाही.

*

दूध अजून पूर्वीइतकंच येतं. उरतं.

*

"वहिनी, तू रडलीस का गं?"

"कधी?"

*

सुट्ट्या तोंडावर आल्या की अख्ख्या गावाला एकदम थंडी वाजायला लागते. वर्षभर या दुकानाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं दारात उभी राहतात. कुणाकडे पाहुणे येणार असतात, कुणी स्वतःच पाहुणे म्हणून निघालेले असतात, आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. मशीनवरची नको म्हणतात. हाताचीच हवी. आणि परवापर्यंत हवी.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. गोधड्या जमिनीवर शिवल्या जातात. भिंतीला कापडांच्या गठ्ठ्यांची चळत, दाराशी पार्सलं बांधायचं टेबल. टेबल नवऱ्याचं, जमीन बायकांची. बायका दोन होत्या, सासू आणि सून.

सासूला गल्ली मास्तरीण म्हणायची. शाळेचा आणि तिचा काही संबंध नव्हता. रस्त्यात माणसाला थांबवून ती त्याच्या बाहीची दुमड उलटी करून बघायची आणि विचारायची, "कुणी शिवलं हे? हात होता की पाय?" लोक हसायचे आणि पुढच्या वेळी बाही पाठीमागे लपवायचे.

मास्तरीण हंगाम ऐन भरात असताना गेली. जे करायचं असतं ते सगळं केलं गेलं. मग फोन पुन्हा वाजायला लागला. पलीकडची माणसं आधी हळू आवाजात वाईट वाटल्याचं सांगायची, मग थोडं थांबायची, मग विचारायची.

"झाली का हो आमची?"

"होतेय."

"घाई नाही हं. पण म्हणजे, शुक्रवारपर्यंत?"

"होईल."

सुनेचा आवाज कुठेही अडखळायचा नाही. नवरा चोरून तिच्याकडे बघायचा. तिला ते कळायचं. कोण कुणाकडे बघतंय हे कळणं अजून चालू होतं. बाकी आतलं बरंचसं, गल्लीतली वीज जावी तसं, गेलेलं होतं, आणि कुणी तक्रार नोंदवली नव्हती.

*

या घरची पद्धत अशी.

कापड, कापूस, अस्तर, सगळं एकावर एक अंथरून दोघींनी समोरासमोर बसायचं. आपापल्या काठापासून धावदोऱ्याच्या आडव्या ओळी घालत मधे यायचं. मधे दोघींची गाठ पडली की गोधडी झाली. त्यामुळे प्रत्येक गोधडीला दोन बाजू, एक मास्तरणीची, एक सुनेची. गिऱ्हाइकाला ओळखू यायच्या नाहीत. तीच तर कला, असं मास्तरीण म्हणायची.

मागच्याच्या मागच्या हंगामात मास्तरणीची ओळ हलायला लागली. आधी थोडीशीच. मग मुंगी चालावी तशी, मग मुंगीला चक्कर यावी तशी. सुनेने पाहिलं. मास्तरणीला दिसत नव्हतं, कारण दिसत नव्हतं म्हणूनच तर ओळ हलत होती. आणि अख्ख्या गल्लीची दुमड तपासणाऱ्या बाईला तोंडावर कोण सांगणार?

सुनेने सांगितलं नाही. जेवण झालं की मास्तरीण आतल्या खोलीत आडवी व्हायची. घोरणं एका लयीत लागलं की सून समोरच्या काठाला जाऊन बसायची, छोट्या कात्रीने सकाळच्या ओळी उसवायची, रिकामी भोकं ओल्या फडक्याने पुसून नखाने चोळायची म्हणजे ती मिटतात, आणि त्या ओळी सरळ घालून ठेवायची. मास्तरीण उठली की चहा घ्यायच्या आधी आपल्या बाजूवरून तळहात फिरवायची.

"बघ. अजून हात आहे."

"आहे ना, आई."

"तुझी बाजू दाखव. हं. बरी आहे. माझ्याकडे बघून घाल."

"घालते."

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. दोन हंगाम या दुकानातून गेलेल्या प्रत्येक गोधडीच्या दोन्ही बाजू सुनेच्या होत्या.

*

नणंदेला घरात बेबी म्हणतात. केस पिकले, गुडघे दुखायला लागले, तरी बेबीच. आई गेल्यावर आली ती राहिली होती. ती दिवसभर दाराशी चहाचा कप घेऊन बसायची, रडायची, मग नाक पुसून शेजारणीशी भाज्यांच्या भावाबद्दल तावातावाने बोलायची, मग पुन्हा रडायची. सुनेला ते बघायला बरं वाटायचं. कोणीतरी करतंय म्हटल्यावर.

निघायच्या दिवशी सकाळी बेबी म्हणाली, "वहिनी, मला आईच्या हातची एक दे."

"गोधडी?"

"मग काय, थप्पड? ती भरपूर दिली तिने. गोधडी एक नाही माझ्याकडे. आपल्या घरात राहिली कधी गं? लहानपणी अंगावर घ्यायचो, तेवढ्यात गिऱ्हाईक दारात. आई अंगावरून ओढून काढायची. दादाला विचार."

"खरं आहे," नवरा टेबलावरून म्हणाला. "मी तर तापात होतो तेव्हा."

"मला दुसरं काही नको. भांडी नको, साड्या नको. तिचा टाका हवा. रात्री हाताला लागला पाहिजे." एवढं म्हणून बेबीचा चेहरा पुन्हा वेडावाकडा झाला.

सुनेने कपाटाकडे पाहिलं. कपाटात तयार गोधड्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही मास्तरणीचा टाका नव्हता. मग तिने जमिनीकडे पाहिलं. जमिनीवर राखाडी गोधडी अर्धवट पडली होती. मास्तरीण शेवटी हीच शिवत होती. त्या आठवड्यात दारात रांग लागलेली, दुपारी उसवायला सुनेला फुरसत मिळाली नव्हती. मास्तरणीची बाजू जवळजवळ मध्यापर्यंत आली होती, तशीच, वाकडी. सुनेचीच बाजू मागे होती.

या घरात मास्तरणीच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

"ही घे," सून म्हणाली.

"ही सिस्टरची आहे," नवरा म्हणाला. "दवाखान्यातल्या. ती उद्या निघते."

"तिला कपाटातली राखाडी दे. तिला रंगाशी मतलब."

"आणि ही संध्याकाळच्या आत होईल?"

"माझीच बाजू राहिलीय. आणि काठाची पट्टी."

बेबीने डोळे पुसले. "आईच्या बाजूला हात लावू नकोस हं, वहिनी. आहे तशी दे."

"नाही लावत."

*

सकाळभर सून शिवत राहिली. बेबी बाजारात गेली, मुलांसाठी काहीबाही घ्यायला. नवरा स्कूटरवर पार्सलं लादून गेला. जाताना म्हणाला, "जेवून घे." तिने जेवून घेतलं. ताट घासून ठेवलं. एकच ताट होतं.

दुपार झाली. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला, तो या वेळेला बंद होतो. तिची बाजू पुरी झाली. तिने उठून फडकं ओलं केलं. पलीकडच्या काठाला जाऊन बसली. आतल्या खोलीकडे एकदा कान दिला, रोज द्यायची तसा.

पुढचा काही वेळ तिच्या डोक्यात काही नव्हतं. निळा नको म्हणणाऱ्या बाईचा विचार असेल. किंवा तोही नसेल.

मांडीवर दोऱ्याचे तुकडे साचले होते. राखाडी, आखूड, ज्या त्या टाक्याच्या आकारात वळलेले. फडकं उजव्या हाताशी होतं. कात्री शेवटच्या ओळीतून बाहेर येत होती. ती पूर्ण बाहेर आली तेव्हा सुनेला दिसलं की मास्तरणीची सगळी बाजू तिने उसवली आहे.

अरे, असं तिच्या मनात आलं. तेवढंच आलं.

ती वाट बघत बसली. काहीतरी व्हायला हवं होतं, छातीत, घशात, कुठेतरी. पायाला मुंग्या आल्या, त्या बसून बसून. चुकून काचेचा पेला फुटला असता तर तिने यापेक्षा जास्त आरडाओरडा केला असता.

फडकं तिने दूर सारलं.

भोकं अजून उघडी होती. कापडावर सुईच्या टोकाएवढे बारीक ठिपके, ओळीच्या ओळी, खाली घसरणाऱ्या, वर चढणाऱ्या. तिने त्याच राखाडी रिळाचा दोरा घेतला, सुई ओवली आणि पहिल्या भोकात घातली. मग दुसऱ्या. जिथे मास्तरीण वळली तिथे वळायचं. जिथे लांब टाका तिथे लांब.

हे फार अवघड निघालं. तिचा हात सारखा सरळ जाऊ पाहायचा आणि ती त्याला मागे आणायची. दोन हंगाम तिने या वाकड्या ओळी पाहिल्या होत्या, पण मोडायच्या म्हणून. त्यांच्यामागून कधी गेली नव्हती. आता जाताना हाताला गोष्टी कळत होत्या. एका जागी भोकांचा झुबका होता. इथे मास्तरीण कापडाची कड शोधत होती, टोचून टोचून. एका जागी टाके एकदम छोटे, जवळ जवळ, जसं माणूस अनोळखी जिन्यावर पाय टाकतं. एका जागी ओळ चक्क सरळ होती, वीतभर. कदाचित ऊन आलं असेल.

हाताला कळत होतं. वर कुठे पोचत नव्हतं.

*

बेबी आणि नवरा बरोबरच आले. तोवर काठाची पट्टीही लागली होती.

"झाली?" बेबीने पिशव्या दारातच टाकल्या आणि जमिनीवर बसकण मारली. गुडघे मोडल्याचा आवाज आला. "आई गं. दे इकडे."

तिने गोधडी मांडीवर घेतली. दोन्ही तळहात पसरून एका बाजूवर फिरवले. सरळ बाजूवर. डोळे मिटले.

"ही आईची," ती म्हणाली. "बघ दादा, बघ. मोजपट्टी लावून घे. शेवटपर्यंत हात कसा होता बघ बाईचा."

नवऱ्याने वाकून पाहिलं. "हो गं."

बेबीने दुसरी बाजू उलटली. तिचे हात थांबले. तिने ओळींवरून बोट फिरवलं, खाली, वर, पुन्हा खाली, आणि सुनेकडे पाहिलं, फार मायेने.

"वहिनी. घाई झाली ना गं?"

सून म्हणाली, "ती बाजू..."

"काय?"

खोलीत ऊन होतं. नवरा सुनेकडे बघत होता, आणि या वेळी चोरून नाही.

"काठाला जपून," सून म्हणाली. "धुताना."

"जपेन. रागावू नकोस, पण आई असती तर हे सगळं तुला उसवायला लावलं असतं."

"लावलं असतं."

"एका बैठकीत!" बेबी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिने तोंड गोधडीच्या सरळ बाजूत खुपसलं. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. सुनेने ठेवला. पाठ गरम होती, हलत होती.

"कागदात बांधू?" नवऱ्याने विचारलं.

"नको. अंगावर घेऊनच जाते. आता कोण ओढून नेतंय."

गाडीवर सोडायला नवरा गेला. बेबी गोधडी खांद्यावरून लपेटून स्कूटरवर मागे बसली. सरळ बाजू गळ्याशी होती, वाकडी खाली लोंबत होती, चाकाच्या फार जवळ. सून दारातून ओरडली, "खालची वर घे! अडकेल!" बेबीने ती गोळा करून पोटाशी धरली.

*

पुढची गोधडी फार निळी नव्हती. सुनेने अस्तर अंथरलं, कापूस पसरला, वरचं कापड टाकलं, कोपरे ओढून घेतले. आपल्या काठाला बसून एक ओळ घातली. मग उठली, वळसा घालून पलीकडे गेली, तिथे बसून एक ओळ घातली. मग परत अलीकडे. दोन्ही बाजू सारख्या पुढे सरकायला हव्यात, नाहीतर कापड एकीकडे ओढलं जातं.

फोन वाजला.

"होतेय," ती म्हणाली.

मास्तरीण गेली तेव्हा सकाळ होती, सून समोर बसलेली होती, आणि हातातली ओळ काठापर्यंत नेऊन मग तिने नवऱ्याला हाक मारली.