बांबूच्या आतला वसुलीवाला

हे कोणालाच खरं वाटत नाही. माझा भाचा अनुप तर हसायच्या तयारीनंच येतो, पण ऐकायला दर रविवारी येतो.

करोनाचा पहिला जून. राजापेठेत माझा ऑटो दारात उभा. शाळा बंद, सवाऱ्या बंद. रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ते थांबवायची सवलत दिलेली, मी अर्जही केलेला. तरी अकोल्याच्या जुन्या शहरातून गोवर्धन नावाचा वसुलीवाला हनुवटीला मास्क लावून हजर.

"चाबी द्या."

"देतो ना जी. पयले चहा घ्या."

दारी आलेल्याला चहाशिवाय पाठवलं तर आमच्याकडे घराचं नाव जातं, आणि चहा नाकारला तर पाहुण्याचं. गोवर्धन बसला. बशी अर्धी झाली नाही तोच महापालिकेच्या माणसांनी गल्लीच्या तोंडाला बांबू ठोकले. चौथ्या घरी पेशंट सापडला होता. चौदा दिवस आतला आत, बाहेरचा बाहेर.

"मी इथला नाही हो," गोवर्धन बांबूमधून म्हणाला.

"आता हायेस," शिपाई म्हणाला आणि त्याच्या हातावर शिक्का मारला.

मग मी त्याला सकाळी ऑटो धुवायला लावायचो, दुपारी सवलतीचं पत्रक मोठ्यानं वाचायला. पाचव्या दिवशी त्याला ते पाठ झालं. नवव्या रात्री झोपेत बरळला, "हप्ता पुढं ढकला, साहेब." बाराव्या दिवशी त्यानं स्वतःच साहेबाला फोन लावला: या माणसाच्या ऑटोले हात लावाल तं मी तुमचीच तक्रार करतो. बांबू निघाले तेव्हा पाया पडून गेला. आता चिखलदऱ्याला कॉफीचा मळा सांभाळतो. दर दिवाळीला मला पाकीट धाडतो.

"मंग चहा कावून पिऊन राहिले?" माझी बायको शकुन मिरच्या निवडता निवडता म्हणाली. "कॉफी पिऊन दाखवा."

"संपली."

"अनुप, बांबू लागले ते मांगच्या गल्लीले. गोवर्धननं चहा पेला, चाबी घेतली अन् ऑटो घेऊन गेला. आठ दिवसांनी अर्जाची पावती घेऊन मी अकोल्याले गेली. साहेबासमोर ते पत्रक मीच वाचलं, दोनदा. तवा ऑटो वापस भेटला."

"अन् मामा?"

"कोठीत. ज्वारीच्या पोत्यामांगं. गोवर्धनले चहासुदिक मीच देला."