पाठ केलेले उत्तर

मित्रांनो, मी एक जुना कॅश सर्व्हर आहे. नावावरून तिजोरी समजू नका. माझ्याकडे पैसा नाही, फक्त पाठांतर आहे. कोणत्या रुग्णालयात कोणत्या गटाचे रक्त हवे आहे, हे सांगणाऱ्या एका वेबसाइटच्या दारात मी बसतो. खरी माहिती मागच्या मोठ्या सर्व्हरकडे असते. त्याला सगळे थोरला म्हणतात. तो अचूक आहे, पण सावकाश. प्रत्येकाने त्यालाच विचारले तर तो मेटाकुटीला येईल. म्हणून मी त्याला एकदा विचारतो, उत्तर पाठ करतो आणि येणाऱ्या हजारोंना सांगतो. थोड्या वेळाने ते विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. विसरणे ही माझी अर्धी विद्या आहे.

मला खोक्यातून बाहेर काढले तेव्हा आमच्या अभियंता ताई म्हणाल्या होत्या, "याची स्मरणशक्ती बघा!" नंतर कौतुक ओसरले. जे नीट चालते त्याच्याकडे कोण बघतो? पंख्यावर धूळ साचली आणि मी काम करत राहिलो.

एका दुपारी प्रवाशांनी भरलेली बस उलटली. बातम्यांमध्ये आमच्या साइटचा पत्ता झळकला आणि सारे शहर माझ्या दारात लोटले. माझा पंखा घरघरू लागला. ताईंच्या हाताखाली एक घाईचा गडी होता. त्याला सगळे धडाका म्हणत.

"ताई, हा गुदमरलाय. बंद करून चालू करतो."

"अरे, थांब जरा!"

पण धडाका बटण दाबून मोकळा झाला होता. मी जागा झालो तेव्हा मला काहीच आठवत नव्हते. सगळे प्रश्न एकदम थोरल्यावर कोसळले आणि तो आडवा झाला.

"झालं समाधान? आगीतून फुफाट्यात!" ताई म्हणाल्या.

थोरल्याला कसेबसे उभे केले आणि मी त्याच्याकडून उत्तरे पुन्हा पाठ केली. त्याच्यावर पुन्हा भार पडू नये म्हणून ताईंनी मला बजावले, की आता जे पाठ आहे तेच संध्याकाळपर्यंत सांगायचे. साइट धावू लागली. धडाक्याने हुश्श केले.

तेवढ्यात ताईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याची बायको बाळंतपणासाठी रुग्णालयात होती. बाळ सुखरूप होते, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"ताई, हिला बी निगेटिव्ह हवंय. इथे एकच पिशवी उरलीय, आणि तुमच्या साइटवर अजून ए पॉझिटिव्हच मागतायत!"

"अरे, डॉक्टरांनी भरलंय ते. माझ्यासमोर आहे. सगळ्यात वर, लाल अक्षरांत."

"मग मला काय भूत दिसतंय?"

"पान पुन्हा उघडून बघ."

"उघडून उघडून बोट झिजलं गं माझं!"

मित्रांनो, दोघेही खरे बोलत होते. कार्यालयातल्या संगणकांना थोरल्यापर्यंत जाण्यासाठी एक खास वाट करून दिली होती. ती मला वळसा घालून जाई. ती आहे हेच सगळे विसरून गेले होते. आत बसलेल्यांना ताजे पान दिसत होते, आणि बाहेर मी आज्ञाधारकपणे दुपारचेच उत्तर सांगत होतो. मला ओरडायला तोंड नव्हते.

ताईंनी आपला फोन कार्यालयाच्या वायफायवरून काढला आणि तेच पान उघडले. ए पॉझिटिव्ह.

"आपण आतून बघतोय रे," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेर शिळंच चाललंय."

"मग पुन्हा बंद करून..."

"हात लावून तर बघ!"

त्यांनी मला सगळे नाही, तेवढे एकच पान विसरायला लावले. वर नियम घातला, की उत्तर जुने झाले तर थोरल्याकडे एकानेच विचारायला जायचे. बाकीच्यांनी क्षणभर थांबायचे. डॉक्टरांच्या खोलीत घरातला एकच जण जातो आणि इतर बाहेर उभे राहतात, तसे. गर्दी तेवढीच होती, पण थोरला डगमगला नाही. पुढच्या क्षणापासून जो विचारेल त्याला मी बी निगेटिव्ह सांगू लागलो.

मग वाट बघणे आले. ताई खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत.

"ताई, एक सुतार आलाय," भावाचा पुन्हा फोन आला. "हातावर भुसा तसाच आहे बघ त्याच्या. त्याच्यामागे एक बाई पण आल्यात. आत घेतलंय दोघांना."

संध्याकाळी भावजय शुद्धीवर आल्याचे कळले. धडाका ढसाढसा रडला. ताई रडल्या नाहीत. त्या कार्यालयाची ती खास वाट बंद करायला बसल्या.

"काय करताय ताई? आपलं काम हळू होईल ना," धडाका डोळे पुसत म्हणाला.

"होऊ दे. लोकांना जे दिसतं तेच आपल्याला दिसलं पाहिजे."

मित्रांनो, आता मी थकलो आहे. शेजारी नवे यंत्र आले आहे. ते माझ्यापेक्षा जास्त पाठ करते. त्याच्या पंख्यावर धूळ साचू देऊ नका. आणि त्याने कितीही चटकन उत्तर दिले, तरी थांबून एवढे जरूर विचारा: हे कधीचे आहे? कारण पलीकडे कोणीतरी पिशवीतला शेवटचा थेंब बघत बसलेले असू शकते.