लिंबाला पाणी घालणारी टाकी

“आधी पाणी उतरवा. मग जागा कोरडी करा, खरवडून आतला चकचकीत पत्रा दिसू दे, आणि मगच काय लावायचं ते लावा. ओल्या गंजावर शपथसुद्धा चिकटायची नाही!”

मित्रांनो, हा आवाज मला घडवणाऱ्या मिस्त्रीचा. मला हातगाडीवर चढवताना तो माझ्या मालकांना हे बजावत होता. मालकांचं सगळं लक्ष गाडीच्या डगमगत्या चाकाकडे होतं, त्यामुळे ते शब्द ऐकले ते बहुधा मी एकटीनंच.

मी एक जुनी लोखंडी पाण्याची टाकी आहे. माझ्या अंगावर तेव्हा जस्ताचा मुलामा होता. उन्हात मी अशी झळकायची की शेजारच्या गच्चीवरचे लोक डोळ्यांवर हात धरून म्हणायचे, “काय टाकी आहे! चांदीची आणली की काय?” घराच्या मागच्या अंगणात चार उंच लोखंडी पायांवर मला बसवलं. माझ्या पोटातलं पाणी सगळ्या घराला पुरायचं. मी भरून वाहू लागले की मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या काकू, खालून हाक मारायच्या, “पुरे गं बाई, पुरे!” आणि मोटार बंद करायच्या. त्या हाकेत जी माया होती, तिच्यावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

पुढे मालक देवाघरी गेले. काकू आणि त्यांचे धाकटे दीर, एवढेच घरात उरले. काकूंनी पाळणाघर काढलं. कामावर जाणाऱ्या आया सकाळी आपली लेकरं काकूंच्या हाती देत आणि निर्धास्त मनानं निघून जात. मुलं वाढली, जागा पुरेना. तेव्हा दिरांना एक युक्ती सुचली. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वहिनी, खांब तर आयते उभे आहेत! चारी बाजूंनी पत्रे ठोकले, वर छप्पर टाकलं की झाली खोली. टाकीची सावली फुकट!”

आणि खरंच, माझ्या चार पायांच्या आत खोली झाली. माझ्या पोटाखाली हातभर अंतरावर पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली पाळणे.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला सुखाची झोप नाही. भरलेल्या टाकीचं वजन किती असतं, ते खालून बघणाऱ्याला कळत नाही. ते मला कळत होतं. पाळण्यांच्या दोऱ्यांची कुरकुर ऐकू आली की मी मनातल्या मनात म्हणायची, देवा, आजची दुपार सुखरूप जाऊ दे.

पहिली गळती अगदीच किरकोळ होती. बाजूच्या सांध्यातून घामासारखा एक थेंब आला. दिरांनी साबणाची वडी ओली करून त्यावर घासली आणि थेंब थांबला. काही दिवसांनी साबण विरघळला. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापली आणि ती घालून भोकात स्क्रू पिळला. त्यानंतर दोन रंगांच्या गोळ्या मळून लावायचा तो लगदा आला, त्यावर डांबरात बुडवलेलं गोणपाट आलं. सगळं ओल्यावरच, सगळं गंजावरच! काकू म्हणायच्या, “भाऊजी, हे कायमचं कधी करणार?” ते म्हणायचे, “उद्या. उद्या नक्की.” पाळणाघरातली बोलू लागलेली पोरं त्यांना उद्याकाका म्हणत, आणि तेही हसून ओ देत. माणूस वाईट नव्हता हो. रडणारं मूल त्यांच्या खांद्यावर गेलं की शांत व्हायचं. फक्त हाती घेतलेलं अर्धं झालं की त्यांना ते पूर्ण झाल्यासारखं वाटायचं.

रोज सकाळी काकू माझ्या पायाला हात लावून पुटपुटायच्या, “सांभाळ गं माझ्या लेकरांना.” काका चेष्टा करायचे, “वहिनी, हात जोडून गळती थांबत असती, तर प्लंबर उपाशी मेले असते!”

पण मला त्या हाताची भीती वाटायची. कारण सांभाळणं आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

मग माझं पोट गळू लागलं. तळाला बसलेल्या गाळाखाली गंज पत्र्याला कधीपासून कुरतडत होता. छपरावर टपटप होऊ लागली आणि झोपलेली मुलं दचकू लागली. टाकीला जीभ नसते, मित्रांनो. ती टपटप हेच माझं ओरडणं होतं. काकांनी त्यावर उपाय केला. माझ्या पोटाखाली तारांनी एक मोठं पत्र्याचं ताट टांगलं, ताटाला भोक पाडलं, भोकाला नळी जोडली आणि नळीचं तोंड अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी सोडलं.

टपटप थांबली. मुलं गाढ झोपू लागली. आणि लिंब! तो लिंब असा काही तरारला की येणारी प्रत्येक आई विचारायची, “काकू, काय खत घालता?” काका मिशीत हसून म्हणायचे, “खत कसलं? आमची टाकी घालते पाणी, दिवसरात्र!” सगळे लिंबाचं कौतुक करत होते. नळीची धार रोज थोडी जाड होत होती, आणि जाड धार बघून घरातली माणसं खूश होत होती. मी वर उभी राहून थरथरत होते.

एके दिवशी नळी बंद पडली.

“बघा!” काका म्हणाले. “सर्दी जाते तशी तिची तीच बरी झाली!”

मी बरी झाले नव्हते. माझ्याच पोटाची खपली गळून नळीच्या तोंडात अडकली होती. ताट काठोकाठ भरलं, तारांवर ताण आला, आणि माझा तळ त्या साचलेल्या पाण्यात बुडून राहिला. काठावरून सांडणारं पाणी माझ्या पायावरून आवाज न करता मागच्या गटारात ओघळू लागलं. आता मला ओरडताही येईना. खाली चिमणीचा पाळणा होता. बसवर कंडक्टर असलेल्या ताईंची ती तान्ही लेक, सगळ्यांत लहान. तिचा श्वाससुद्धा मला ऐकू यायचा.

त्या दुपारी काकू अंगणात आल्या आणि लिंबाकडे बघून थबकल्या.

“भाऊजी, पानं का मुरगळलीत? पाणी घातलं नाहीत?”

“मी कशाला घालू? टाकी घालते की.”

“टाकी तर बरी झाली म्हणालात.”

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“गळायची थांबली, तर मोटार रोज तितकाच वेळ का चालवावी लागते? पाणी जातंय कुठं?” काकूंचा आवाज खाली आला. त्यांनी पदर खोचला आणि स्वतः शिडी लावली. वर येऊन त्यांनी ते भरलेलं ताट पाहिलं. मग हात लांब करून माझ्या पोटाला हलकेच बोटं लावली. तळव्याएवढी खपली त्यांच्या हातात आली आणि मागून पाण्याचा दोरा सुटला.

त्या ओरडल्या नाहीत. खाली उतरून इतकंच म्हणाल्या, “झोपलेलीच उचला. एकेक करून. आवाज नको.”

एकेक पाळणा रिकामा होत होता. वर माझा तळ कर्रकर्र करत होता. देवा, अजून एक क्षण. अजून एकच. चिमणी काकूंच्या खांद्यावर गेली, काकू उंबऱ्याबाहेर पडल्या, आणि तार तुटली. ताट छपरावर आदळलं, पत्र्याचा सांधा उघडला, आणि गढूळ, लालसर पाणी थेट तिच्या पाळण्यात कोसळलं.

काकांनी धावत जाऊन माझा तळाचा कॉक उघडला. पोटातलं पाणी अंगणात वाहून गेलं. कितीतरी वर्षांनी मी रिकामी झाले आणि कितीतरी वर्षांनी निर्धास्त.

संध्याकाळी कंडक्टरताई आल्या. काकूंनी काही लपवलं नाही, ओला पाळणा दाखवला. ताईंनी पाळण्याच्या ओल्या कापडाला हात लावला. “काकू, मला दुसरं कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या पहाटेची ड्यूटी आहे. आणू का हिला? खरं सांगा.”

काकाच पुढे आले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. “पुढच्या खोलीत निजेल ती. आणि तुम्ही पहाटे याल तेव्हा ही टाकी इथं दिसणार नाही. माझा शब्द.”

“तुमचा?” ताई म्हणाल्या. एवढंच.

मित्रांनो, मला खाली उतरवतील, तोडतील, भंगारात घालतील. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मुलांच्या डोक्यावर उभी राहून कुजण्यापेक्षा ते बरं. तुम्हाला एवढीच विनवणी आहे. अडल्या वेळी भोकाला बोळा घालावा, त्यात पाप नाही. पण बोळा घातला की रोज त्याला हात लावून बघा. गळणं दिसेनासं झालं, तर आनंद मानण्याआधी पाणी कुठं गेलं ते शोधा.

आता अंगणात दिवेलागण होते आहे. चिमणी आईच्या कुशीत झोपली आहे. काकांनी नट खोलायचे पाने आणि दोरखंड पिशवीत भरले आहेत. मला कापून उतरवू शकेल अशा वेल्डरचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यांनी सायकल उचलूनच अंगणाबाहेर नेली, फाटकाची कडी बोटांत धरून हळूच लावली, आणि कुणाला काही न सांगता ते निघाले.