लेकीच्या घरचं मीठ

माझ्या तरुणपणी कांगड्याच्या डोंगरांत साफ गळ्याची सून आली तर बायका विचारत, ही खालच्या मुलखातली का? आमच्याकडे गळ्याला गाठ असायचीच, तिचं कुणाला फारसं वाटत नसे. वाटायचं ते मुक्याबहिऱ्या मुलांचं. माझ्या भावाचा मौजू तसाच निघाला. मागून कितीही हाका मारा, मान वळायची नाही.

मग सरकारी डॉक्टर आले आणि तंबू ठोकून राहिले. ओढ्याच्या अलीकडच्या गावांना त्यांनी औषध घातलेलं मीठ दिलं, पलीकडच्यांना साधंच. गळ्याची गाठ आणि मुकंबहिरं मूल, दोन्ही एकाच उणिवेनं होतं, असं ते म्हणत. दोन्हीकडचे गळे दरवर्षी चाचपायचे, फरक दिसला की दिल्लीला कळवायचं, मग सगळ्यांनाच ते मीठ. माझं सासर अलीकडे, माहेर पलीकडे.

काही वर्षांत माझी गाठ ओसरली. त्याच सुमारास मौजूच्या आईला, चंबेलीभाभीला, पुन्हा दिवस गेले. मी तडक तंबूत गेले.

"डॉक्टरसाहेब, आमचं थोडं मीठ माहेरी नेऊ?"

डॉक्टर कौल दिवसभर चढउतार करून पाय चोळत बसले होते. "नेलंस तर माझं काम बिघडतं, बेटी. दिल्लीवाले म्हणतील, काहीच सिद्ध झालं नाही." मग पाय चोळायचं थांबवून त्यांनी विचारलं, "कितवा महिना?"

"दुसरा."

"ने. ते घर मी तपासणीतून वगळतो. पण लवकर ने. उशिरा दिलं तर उपयोग होईलसं वाटत नाही."

मला वाटलं, झालं काम. सरकारनं ऐकलं, माझी अम्मा ऐकेना.

आमच्यात आईबाप लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाहीत. अम्मा भेटायला यायची ती ओढ्यावर पाणी पिऊन, आणि अंगणातूनच परत जायची.

"परत ने ते," पुरचुंडी बघून ती म्हणाली.

"अगं अम्मा, सरकारचं मीठ आहे."

"तुझ्या घरातून आलं ना? मग तुझ्या सासूचं. हुंड्यात आटलेली म्हैस दिली म्हणून ती अजून गावभर बोंबलते. आता म्हणेल, व्याह्यांना मीठही मीच पुरवते."

भाभी हळूच म्हणाली, "अम्माजी, मी एकटीनं खाल्लं तर? मी कुठं हिची आई आहे?"

"एका चुलीवर दोन डाळी? मी मेल्यावर शिजव."

भाभी चुलीकडे वळली. मौजू उंबऱ्यात बसून आमची हलणारी तोंडं बघत हसत होता.

मी दर महिन्याला जात राहिले. ओढा ओलांडून पुरचुंडी न्यायची, तीच परत आणायची. हात दुखण्याएवढं तिचं वजन नव्हतं, तरी दुखायचे.

थंडीत एकदा मौजू वाटेवर बसला होता. मागून खेचरांचा तांडा आला. खेचरवाला घसा फोडून ओरडला. मौजू हलला नाही. खेचराचा धक्का लागून तो पडला, खांदा निखळला. अम्मानं सगळं अंगणातून पाहिलं.

पुढच्या खेपेला तिनं स्वतःच हात पसरला. चिमूटभर मीठ घेऊन आधी आपल्या जिभेवर ठेवलं.

"पाप लागलं तर मला लागू दे. चंबेली, घाल आता डाळीत."

भाभीचा आठवा महिना सरत आला होता.

मुलगी झाली. ती बसायला लागली तेव्हा अम्मानं तिच्या पाठीमागे काशाची थाळी वाजवली. पुन्हा वाजवली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मुलगी आपल्या बोटांशी खेळत राहिली.

पलीकडच्या गावांना सरकारी मीठ मिळायला त्यानंतरही फार वर्षं लागली.

थाळी वाजवली त्याच आठवड्यात अम्मा माझ्याकडे आली. अंगण ओलांडून ओसरीवर चढली आणि भिंतीला टेकून बसली.

"पाणी दे गं."

मी उभीच राहिले.

"बघतेस काय? मीठ खाल्लंय तुझं. आता पाण्यानं काय वेगळं व्हायचंय?"

मी लोटा भरून दिला. ती सावकाश, थांबत थांबत प्यायली. लोटा खाली ठेवून म्हणाली, "चंबेलीला पुन्हा दिवस गेले की पहिल्याच महिन्यात मीठ घेऊन ये."