स्वस्थ बसण्याचं वचन

आमच्या अमळनेरच्या ख्रिस्ती मंडळीत एक जानेवारीची आराधना संपली की वचनांच्या चिठ्ठ्यांची परडी फिरते. डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची; तिच्यावर छापलेलं शास्त्रवचन ते आपलं वर्षभराचं. यंदा माझ्या चिठ्ठीत निघालं, स्वस्थ राहून परमेश्वराची वाट पाहण्याबद्दल. वाचलं आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, इंदिरे, मिळालं बाई तुला उत्तर.

प्रश्न होता आमच्या ह्यांच्या बोलण्याचा. ऑक्टोबरात जीवरामांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय महिन्याभरात चालू लागला, उजवा हात लुळाच राहिला, आणि वाचा गेली ती गेलीच. सगळं समजायचं, ओठ हलायचे, शब्द मात्र फुटायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "पहिले सहा महिने मोलाचे. नंतर अवघड होत जाईल." म्हणून दर मंगळवारी एसटीने धुळ्याला जायचं. तिथे वृषाली नावाची पोरगेली बाई बोलण्याचे व्यायाम घ्यायची. घरी रोज सराव करायचा: एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरून विचारायचं, हे काय? मग थांबायचं. आपण मध्ये तोंड घालायचं नाही. हे शेवटचं मला कसं जमणार? मी दोन सेकंद थांबायची आणि खेकसायची, "अहो, तांब्या! तांब्या म्हणा!"

चिठ्ठी निघाली आणि मी धुळं बंद केलं, सरावही बंद केला. देवच स्वस्थ बस म्हणतोय, तर आपण कशाला लुडबुड करायची? पाळक वनाभाऊ मला म्हणालेसुद्धा, "अक्का, वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे." मी त्यांनाच विश्वासावर चार शब्द ऐकवले. तीस वर्षं नर्स म्हणून लोकांना गोळ्या चुकवू नका असं बजावणारी बाई मी! खरं सांगायचं तर ती चिठ्ठी मला सोयीची होती. मी थकले होते. एसटीचे धक्के, तो सराव आणि त्यांचे ते भरलेले डोळे, सगळ्याला विटले होते. थकवा माझा होता, नाव मी देवाचं लावलं.

त्याऐवजी रोज सकाळी तासभर चर्चमध्ये प्रार्थनेला जाऊ लागले. तेवढा वेळ ह्यांच्यापाशी शेजारची लिलाबाई बसायची. ती भाजीची गाडी लावते. बौद्ध कुटुंबातली, कामाला वाघीण. आमच्या ओट्यावरच ती भाजी निवडायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वनाभाऊंना एका मयतीसाठी पिंपळनेरला जावं लागलं. चर्चला कुलूप. मी पाच मिनिटांत परतले. गल्लीच्या तोंडाशीच लिलाबाईचा आवाज आला.

"हाई काय शे, नाना?"

मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मी असते तर तेवढ्यात तीनदा उत्तर सांगून झालं असतं.

आणि मग ह्यांचा आवाज. घोगरा, अडखळता, पण ह्यांचाच.

"वां... वांगं."

मी भिंतीला धरून उभी राहिले. आधी काय वाटलं सांगू? राग आला. पाच महिन्यांनी तोंड उघडलं, तेही वांग्यासाठी, आणि तेही दुसरीपुढे! मग मी रस्त्यावरच रडायला लागले.

लिलाबाई धावत आली. "काय व्हयनं अक्का?"

"हे कधीपासून चाललंय?"

ती बिचकली. "दोन महिना व्हयनात. तूच करे ना पहिले ओटावर? मी देखे. तू सोडी दिधं, मी धरी लिधं. रागावू नको."

रागावू कोणावर? मी सकाळचा तासभर ज्याला हाका मारत होते, तो माझ्याच ओट्यावर काम करत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! प्रभू, तुझे किती आभार मानू, असं मी मोठ्याने म्हणाले. लिलाबाईचे हात धरले. त्यांना मेथीचा वास येत होता.

"बाई, तुला देवानेच पाठवलं."

"माले कोनी धाडेल नही," ती हात सोडवून म्हणाली. "शेजार शे म्हनीसन येस मी." आणि ती गाडी ढकलत बाजाराला गेली. मी वाद घातला नाही. तिचं तिच्यापाशी खरं होतं, माझं माझ्यापाशी.

पहिलं काम केलं ते धुळ्याला फोन लावायचं. वृषाली म्हणाली, "एप्रिल उजाडायला वेळ आहे अजून. या मंगळवारी."

मग मी त्यांच्यासमोर बसले. लिलाबाई निम्मी भाजी तशीच विसरून गेली होती. त्यातलं एक कारलं उचललं.

"हे काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मी एक सेकंद थांबले, दोन थांबले.

"अहो, सोपं आहे! का..."

त्यांनी धड असलेला डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. कपाळाच्या शिरा ताणल्या.

"ह... हळू," ते म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाचं मी एक ऐकलं असेल तर शपथ. हे ऐकलं. कारलं हातात धरून मी तशीच बसून राहिले.