भिंतीला लागलेलं पाणी

लातूरचा जिल्हा तुम्ही केलात, सरकार. पाट्या तुम्ही बदलल्यात, कचेऱ्या तुम्ही थाटल्यात, साहेबांच्या बंगल्यापर्यंत नळ तुम्हीच नेलात. आणि ते काम दिलंत कुणाला, तर व्यंकटराव गुत्तेदाराला! त्यानं घातलेला नळ पहिल्या दिवसापासून गळत होता. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका.

तो गळका सांधा नेमका गुरुबसप्पांच्या भिंतीला खेटून होता. लातूरला विहिरींचे तळ उघडे पडलेले, अन् गुरुबसप्पांच्या घराला ओल! कापडाच्या दुकानात सगळे हसायचे. त्याच दुकानात गज धरून कापड मोजण्यात गुरुबसप्पांची हयात गेली होती. बोटभर कापड कुणाला कमी दिलं नाही, की कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत.

सांधा गळायला लागला तेव्हा गल्लीतल्या बायका चिखलातून वाटी वाटी पाणी उपसायच्या. उमादेवींना ते बघवेना. नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या दारी माणसं चिखल पियायलेत, अन् तुम्ही सुपारी कातरायलात?" गुरुबसप्पांनी पहार घेतली. भिंतीच्या बुडाशी घागर बुडेल एवढा खड्डा खोदला, तळाला शहाबादी फरशी बसवली. गल्ली पाणी प्यायली. मातीची भिंतही प्यायली.

भिंत फुगली तसे गुरुबसप्पा गुत्तेदाराकडे खेटे घालू लागले. आज गवंडी भोकरला लग्नाला गेलाय. उद्या अमावस्या. परवा सगळं सिमिट कचेरीच्या कामावर गेलंय. एकदा मात्र त्यानं भिंतीला दोन टेकू लावले आणि दारात रेती टाकली. दोन दिवसांनी रेती उचलूनही नेली. "चुकून उतरली व्हती, अप्पा," म्हणाला.

आणि एके सकाळी व्यंकटराव जीप घेऊन स्वतः हजर. सोबत गवंडी, सिमिट, सगळा सरंजाम. गुरुबसप्पांना वाटलं, देव पावला.

गुत्तेदार सरळ खड्ड्याकडे गेला. शेजारच्या सरस्वतीबाई घागर लावून बसल्या होत्या.

"उठा बाई. सांधा बुजवायचाय."

"आत्ताच का रं आठवलं?"

"साहेबाच्या बंगल्यावर पाणी चढंना."

"झाडं वाळायलीत व्हय साहेबाची? हितं लेकरं वाळायलेत, ते दिसंना तुला?"

गुरुबसप्पा मध्ये पडले. "व्यंकटराव, आधी भिंत. ती कधी बसंल नेम न्हाई."

गुत्तेदारानं कमरेवर हात ठेवून भिंत पाहिली. मग खड्डा पाहिला, अन् हसला.

"खड्डा कुणी खंदला, अप्पा?"

"म्या."

"मग भिंतीत पाणी कुणी मुरवलं? नळाची जिम्मेदारी माझी. भिंत तुमची, खड्डाबी तुमचा."

"अरे, तुझा सांधा गळला नसता तर म्या कशाला खंदला असता?" गुरुबसप्पा ओरडले. गल्लीनं त्यांचा असा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "लाज हाय का न्हाई तुला? तुझ्या दारी येऊन येऊन वहाणा झिजल्या माझ्या!"

"चिडू नका. तुमच्यावरच सोडतो. तुम्ही म्हणा, आत्ता सांधा बुजवतो. भिंत वाळंल, वाचंल. म्हणा की!"

सगळी गल्ली गुरुबसप्पांकडे बघू लागली.

"तुमचं घर हाय, अप्पा. आमी काय म्हनावं?" सरस्वतीबाई म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत.

गुरुबसप्पांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" उमादेवी करवादल्या. "सकाळच्या लिंगपूजेला पाणी कुठून आणलंत?"

गुरुबसप्पांनी कपाळावरची विभूती पुसली जाईल एवढ्या जोरानं घाम पुसला. "हितं एक तोटी बसव, मग बुजव."

"तोटीचा हुकूम न्हाई."

"मग माझाबी न्हाई. जा माघारी."

गुत्तेदाराचा चेहरा असा खुलला, जसं बिनकामाचं बिल मंजूर झालं. "ऐकलं ना सगळ्यांनी? घरमालकच काम करू देईना. वर हेच सांगतो," म्हणत तो जीपमध्ये बसला.

गुरुबसप्पा दुकानात गेले नाहीत. दोघांनी खाट, ट्रंक, भांडी मधल्या खोलीत ओढली. दुपार कलली तशी भिंत बसली. थकलेली म्हातारी उकिडवी बसावी, तशी. धुरळासुद्धा उठला नाही. माती ओलीगच्च होती. वरचं मातीचं माळवद खांबांवर होतं म्हणून तगलं. गुत्तेदाराचे दोन टेकू मात्र कशालाच न टेकता उभे राहिले.

खड्डा मातीखाली गेला होता. गल्ली खोरी, घमेली घेऊन धावली. गुरुबसप्पा रात्री कुठं निजतील, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला पाण्याची घाई. मग गुरुबसप्पांनीही एक घमेलं उचललं आणि आपल्याच भिंतीची माती वाहायला लागले.

फरशी लागली. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. सरस्वतीबाईंनी पहिली घागर भरली आणि दाराला वळसा न घालता, भिंत होती तिथूनच घरात नेली. उमादेवींसमोर ठेवली. "अक्का, पयली तुमची." एवढंच बोलल्या, अन् मान खाली घालून उभ्या राहिल्या.

घरमालकानं काम करू दिलं नाही, असं गुत्तेदारानं वर कळवलंय. खोटं नाही ते. नोटीस धाडायची तर खुशाल धाडा. पण त्या सकाळी त्या उंबऱ्यावर तुम्ही उभे असता, मागं तुमची भिंत अन् पुढं त्या घागरी, तर काय म्हणाला असता? बुजव? की राहू दे?

खाली बघू नका. उत्तर द्या.